‘पेक्षा’ : अर्थ, रूप व अध्यापन

प्राथमिक शाळेतील मूल ज्या थोड्या शब्दांचा दिवसातून अनेकदा उपयोग करते, त्यांपैकी ‘पेक्षा’ हा एक होय. ‘माझी पाटी तुझ्यापेक्षा मोठी’ हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु बोलण्यात सुलभ वाटणारा हाच शब्द लेखनात व विशेषतः गणितात मुलांना अडवितो. म्हणून त्याचा थोडा बारकाईने विचार करणे इष्ट आहे.

व्युत्पत्ती व अर्थ : संस्कृत ‘अपेक्षा’ या शब्दातील आद्य ‘अ’ गळून ‘पेक्षा’ झाले. त्याच्या मुळाशी ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू आहे. परीक्षा, निरीक्षण, प्रतीक्षा, उपेक्षा हे शब्दही याच धातूपासून झाले. एका वस्तूकडे दृष्टी ठेवून दुसरीचे मान ठरविणे, हा ‘पेक्षा’चा मूळ भाव होय. मराठीत त्याचे दोन उपयोग मुख्य आहेत. पहिला, गुण अथवा प्रमाण यांतील भेद दाखविणे : ‘साल्हेरपेक्षा कळसूबाई उंच आहे.’ दुसरा, दोन गोष्टींतील एक पसंत करणे : ‘भिजत जाण्यापेक्षा थोडे थांबावे.’

रूप : ‘पेक्षा’ हे तुलनावाचक शब्दयोगी अव्यय आहे. ते नामाच्या सामान्यरूपास जोडून लिहावे, सुटे लिहू नये : घोडा–घोड्यापेक्षा, शाळा–शाळेपेक्षा, मी–माझ्यापेक्षा. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यावा. ‘मुलापेक्षा’ म्हणजे एका मुलापेक्षा. ‘मुलांपेक्षा’ म्हणजे अनेकांपेक्षा. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत पुष्कळ अनुच्चारित अनुस्वार गेले. हा मात्र राहिला, कारण त्यावाचून वचनभेद कळत नाही.

‘हून’ हा पंचमीचा प्रत्ययही तुलना दाखवितो. पण ‘गावाहून आला’ असा वियोगही तोच दाखवितो. ‘पेक्षा’ने वियोग दाखविता येत नाही. ग्रामीण बोलीत ‘माझ्यापरीस’, ‘माझ्यापरास’ अशी रूपे ऐकू येतात. मूल ती बोलल्यास हसू नये. घरचे रूप व पुस्तकातील रूप फळ्यावर शेजारी लिहावे, म्हणजे दोन्ही त्याच्या ध्यानात राहतात.

वाक्यरचनेतील दोष : ‘आमच्या शाळेचे पटांगण शेजारच्या शाळेपेक्षा मोठे आहे,’ या वाक्यात पटांगणाची तुलना शाळेशी झाली. ‘शेजारच्या शाळेच्या पटांगणापेक्षा’ असे हवे. ‘मी तुझ्यापेक्षा त्याला अधिक ओळखतो,’ याचे तर दोन अर्थ होतात. तू त्याला ओळखतोस त्याहून अधिक, की मी तुला ओळखतो त्याहून अधिक? मुलांना दोन्ही अर्थ स्वतंत्र वाक्यांत लिहावयास सांगावे. ‘सर्वांत श्रेष्ठतम’ अशी द्विरुक्तीही टाळावी. ‘तम’ प्रत्ययातच ‘सर्वांत’ हा अर्थ आहे.

गणितातील अडचण : पुढील उदाहरण पाहा. ‘गणूजवळ ८ चिंचोके आहेत. ते सखूच्या चिंचोक्यांपेक्षा ३ ने कमी आहेत. तर सखूजवळ किती?’ पुष्कळ मुले ‘कमी’ हा शब्द दिसताच वजाबाकी करून ५ हे उत्तर देतात. येथे बेरीज येत नाही असे नसते. ‘पेक्षा’ कोणास लागला आहे, हे पाहिलेले नसते. ज्या नामास ‘पेक्षा’ लागतो ते तुलनेचे माप. माप सखूचे, आणि गणू त्याहून ३ ने उणा. म्हणून सखूजवळ ११. आकडेमोडीपूर्वी ‘कोणापेक्षा?’ हा एकच प्रश्न विचारण्याची सवय लावावी. नंतर वाक्य उलटवून घ्यावे : ‘सखूचे चिंचोके गणूच्या चिंचोक्यांपेक्षा ३ ने अधिक आहेत.’ प्रत्यक्ष चिंचोके दोन ओळींत मांडल्यास पहिलीतील मुलासही हे उमगते. वरच्या वर्गात हाच पाठ भूगोलाशी जोडावा : कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर, कोण कोणापेक्षा कितीने उंच व कितीने ठेंगणे, हे दोन्ही बाजूंनी वदवून घ्यावे.

अखेरीस एक गोष्ट. हा शब्द मुलांच्या तोंडी जितका असतो, तितकाच शिक्षकांच्याही असतो. ‘तुझ्यापेक्षा तुझी धाकटी बहीण बरी,’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण ते ऐकून मुलाचे वाचन सुधारत नाही, ते मागच्या रांगेत सरकते मात्र. तुलना करावयाचीच, तर माप त्या मुलाचेच घ्यावे : ‘गेल्या महिन्यापेक्षा आज तू चार ओळी अधिक वाचल्यास.’ अपेक्षा आणि उपेक्षा या दोन शब्दांत पाहणे एकच आहे; भेद आहे तो पाहण्याच्या रीतीत. वर्गात ‘पेक्षा’ योजताना हा भेद शिक्षकांनी नित्य ध्यानी ठेवावा.