आजचे मनन : दाराशी गर्दी, आणि येशू कुठे?

वाचन : मार्क १:२९-३९

कफर्णहूममधली ती संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. सूर्य मावळलाय, शिमोनच्या दाराशी अख्खं गाव लोटलंय. प्रभू पुष्कळांना बरं करतो. आणि दुसऱ्या दिवशी अजून अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिमोन आणि सोबती शोधत येतात. त्यांच्या बोलण्यात मला तरी थोडी तक्रारच ऐकू येते.

मी इथे नेहमी अडते. लोक शोधत असताना हा निघून गेला कसा? आणि प्रार्थनेनंतरही तो त्या गर्दीकडे परतत नाही, आसपासच्या गावांकडे निघतो! आपण प्रार्थनेला कामाआधीचं चार्जिंग समजतो. येशू मात्र कुठे जायचं हेच पित्याजवळ बसून ऐकत होता.

मागच्या हिवाळ्यात आम्ही काही जण रविवारी रात्री स्टेशनबाहेर जेवणाची पाकिटं वाटायचो. एका आजोबांनी दुसऱ्यांदा हात पुढे केला आणि मी चिडून म्हणाले, "एकदा दिलं ना!" त्या महिन्यात माझी प्रार्थना बंद पडली होती. कारण नेहमीचंच, वेळ नाही. खरं सांगू? मला त्यांची भूक दिसलीच नाही, हातात उरलेली पाकिटं तेवढी दिसली.

मदर तेरेसांनी १९५० मध्ये कोलकात्यात मिशनरीज ऑफ चॅरिटी सुरू केली. कामाचा डोंगर होता, तरी १९७३ पासून त्यांच्या सिस्टर्स आठवड्यातून एकदा होणारी तासाभराची आराधना रोज करू लागल्या. हिशोबाने पाहिलं तर गरिबांचा तास कमी झाला असं वाटेल. मदर मात्र सांगायच्या की त्यानंतरच गरिबांवरचं प्रेम वाढलं. आणि त्या तासात त्यांना गोड अनुभव येत होते असंही नाही. २००७ मध्ये त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं, कित्येक वर्षं त्यांना देवाची जवळीक जाणवतच नव्हती. तरी त्या बसत राहिल्या. माझं मन लागत नाही म्हणून मी तिसऱ्या मिनिटाला उठते, तेव्हा हे आठवतं.

उद्या सकाळी दहा मिनिटं बसूया. फोन दुसऱ्या खोलीत. काही मागू नका, फक्त एक चेहरा प्रभूसमोर आणा आणि गप्प राहा. मी त्या आजोबांचा आणणार आहे. त्यांचं नावसुद्धा मी अजून विचारलेलं नाही.