मातृभाषेचा रकाना

निकाल लागला की कर्जत स्टेशनबाहेर आणि खोपोलीच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानांपुढे अर्ज भरणाऱ्यांची झुंबड उडते. नाव, जात, टक्के भराभर टाइप होतात. 'मातृभाषा' आली की दुकानदार न विचारताच 'मराठी' टाकतो. वाडीवरून आलेली कातकरी आई गप्प राहते. घरात कातकरी बोलतो असं लिहिलं, तर पोराला मागे बसवतील अशी तिची धास्ती.

ही धास्ती सोडा. अनुसूचित जमातीची जागा मिळते ती जमातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र यांवर. भाषेच्या रकान्याने ती मिळतही नाही, जातही नाही. उलटी भीती ठाकर कुटुंबांत दिसते: पोरगं शहरी मराठी बोलतं, मग आम्हाला आदिवासी मानतील ना? ठाकूर जमातीच्याच एका संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये सांगितलं, की चालीरीती जुळतात का, एवढीच दाव्याची अंतिम कसोटी नव्हे. जमातीची नोंद असलेले जुने कागद मात्र जपून ठेवा.

रकान्याला खरं वजन येतं ते भाषिक अल्पसंख्याक महाविद्यालयांत. तिथे त्या-त्या भाषेच्या मुलांसाठी जागा राखीव असतात. खोपोलीतल्या हिंदी किंवा गुजराती घरांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची मातृभाषेची नोंद आधीच तपासावी. पहिलीत गुरुजींनी सरसकट 'मराठी' लिहिलं असेल, तर दुरुस्तीसाठी शाळेत आत्ताच जा. प्रवेशफेरीच्या आदल्या दिवशी धावपळ करून काही हाती लागत नाही. आणि जागेसाठी भाषा बदलून लिहू नका. पडताळणीत उघडं पडलं तर प्रवेशच जातो.

माझ्या मते पालकांनी डोकं लावावं ते परीक्षेच्या भाषेवर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी दहावीपर्यंत 'त्वरण' शिकते, अकरावी विज्ञानात तेच 'अ‍ॅक्सिलरेशन' होतं. दोन वर्षांनी ती धड इकडची नाही, धड तिकडची नाही. 'नीट'ला मराठी निवडली तर प्रश्नपत्रिका मराठी-इंग्रजी अशी दोन्ही भाषांत येते. भाषांतरात गोंधळ असेल तर इंग्रजी मजकूर प्रमाण. इंग्रजी निवडली तर फक्त इंग्रजी. राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीत देता येतं, गणित मात्र इंग्रजीतच. म्हणून अर्जाआधी एक जुनी प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत सोडवून बघा, घड्याळ लावून. जिथे हात अडखळत नाही, ती भाषा.

परत रकान्याकडे येतो. अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशाच्या 'कॉमन अ‍ॅप' अर्जात प्रत्येक भाषेपुढे वेगळं विचारतात: पहिली भाषा कोणती, बोलता येते का, वाचता येते का, लिहिता येते का, घरी बोलतात का. आपल्याकडे एकच चौकट, म्हणून सगळा घोळ. पण 'अवगत भाषा' असा रकाना कुठे दिसलाच, तर कातकरी लिहा आणि पुढे 'फक्त बोलणे' असं स्पष्ट करा. नर्सिंगच्या मुलीला वाडीवर ताप मोजायला जायचं झालं, की पेशंटची म्हातारी तिच्याशी त्याच भाषेत बोलणार आहे.