लघुग्रहांचे नामकरण

मंगळ व गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान लक्षावधी लहानमोठे खगोल सूर्याभोवती भ्रमण करीत असतात. त्यांना लघुग्रह असे म्हणतात. धूमकेतूला त्याच्या शोधकाचे नाव मिळते. लघुग्रहाच्या शोधकाने मात्र स्वतःचे नाव देऊ नये, असा संकेत आहे. दुसऱ्या कोणाचा तरी गौरव करण्याचा अधिकार, हेच त्याचे पारितोषिक होय.

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथून पियाझी यांनी पहिला लघुग्रह पाहिला. धान्याची रोमन देवता सेरेस आणि आपला आश्रयदाता राजा फर्डिनंड, अशा दोघांची नावे त्यांनी त्याला दिली. इतर देशांतील ज्योतिर्विदांनी राजाचे नाव स्वीकारले नाही. देवतेचे तेवढे टिकले. २००६ पासून सेरेसची गणना बटुग्रहांत होते; नाव मात्र तेच आहे. पुढे १८६१ साली मद्रास वेधशाळेतून पॉगसन यांना एक लघुग्रह सापडला. आशिया खंडातून लागलेला असा हा पहिलाच शोध असल्यामुळे त्याचे नाव ‘एशिया’ असे ठेवण्यात आले.

नवा लघुग्रह दिसताच त्याला शोधवर्ष दर्शविणारी तात्पुरती खूण मिळते. पुरेशा वेधांनंतर कक्षा निश्चित झाली, की कायमचा क्रमांक दिला जातो. त्यानंतर दहा वर्षे नाव सुचविण्याचा अधिकार शोधकाकडे राहतो. अंतिम निर्णय आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विज्ञान संघटनेची समिती घेते. नाव रोमन लिपीत सोळा अक्षरांहून मोठे नसावे, उच्चारण्यास सुलभ असावे व कोणास अपमानकारक नसावे. व्यापारी नावे चालत नाहीत. गिब्सन यांनी १९७१ साली शोधलेल्या लघुग्रहाला आपल्या मांजराचे नाव दिले होते. पाळीव प्राण्यांची नावे आता टाळली जातात. राजकीय वा लष्करी कार्यासाठी ख्यात असलेल्या व्यक्तीचे नाव तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे लोटल्याखेरीज देता येत नाही. सत्तेचा प्रभाव ओसरल्यावर उरते ती कीर्ती खरी, हेच जणू हा नियम सांगतो.

विद्या व कला यांना मात्र एवढी प्रतीक्षा करावी लागत नाही. तामिळनाडूतील कावलूर येथून १९८८ साली राजमोहन यांनी शोधलेला ४१३० क्रमांकाचा लघुग्रह गणिती रामानुजन यांचे नाव धारण करतो. २५९६ क्रमांकाचा लघुग्रह कावलूर वेधशाळेचे संस्थापक वेणू बाप्पू यांच्या नावाचा आहे. पंडित जसराज यांना तर हा बहुमान २०१९ साली, त्यांच्या हयातीतच लाभला.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या अपघातात मृत्यू पावलेल्या सातही अंतराळवीरांची नावे त्याच वर्षी सात लघुग्रहांना देण्यात आली. त्यांतील ५१८२६ क्रमांकाचा लघुग्रह म्हणजे कल्पना चावला. हे लघुग्रह नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. तथापि त्यांची नावे विकत मिळत नाहीत, हेच त्यांचे खरे मोल आहे.