एक प्रश्न, अनेक विद्या

दहावीचा निकाल लागला की पालक आम्हाला विचारतात, "मुलाला कोणती साइड घेऊ, आर्ट्स की कॉमर्स?" प्रश्न रास्त आहे. परंतु एक साइड घेतली म्हणजे बाकीच्या ज्ञानाशी आपला संबंध संपला, हा समज घातक आहे.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. बँकेत लागल्यावर व्याजाची आकडेमोड शिकलो. एकदा कर्ज थकलेल्या एका मावशींना आम्ही बाकीचा आकडा बिनचूक सांगितला. पण तो का वाढला, मुदतवाढीचा अर्ज कसा करावा, हे त्यांना उमजेल असे सांगता आले नाही. त्या तशाच परतल्या. गणित येत होते, भाषाही येत होती. दोहोंची गाठ घालता आली नाही. ही उणीव आमचीच.

ही गाठ कशी घालावी, याचा वस्तुपाठ बाबासाहेबांनी दिला आहे. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. तरीही समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचा त्यांनी अभ्यास केला. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीतच विवाह हे जातीचे मर्म होय, हा त्यातील मुख्य सिद्धांत. जातीतच विवाह करायचे तर विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी हवी. जोडीदार वारला की हा समतोल ढळतो. तो राखण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा आल्या, असे त्यांनी दाखविले. ही संख्येची बाजू. वरच्यांच्या प्रथा इतरांनी का उचलल्या, हे सांगताना त्यांनी फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. एका शास्त्राने हे कोडे सुटले नसते.

आपल्या देशात राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) विद्यापीठांत सामान्य शिक्षणाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही बहुविद्याशाखीय शिक्षणावर भर दिला. परंतु विषय शेजारी-शेजारी ठेवले म्हणून जुळत नाहीत. त्यांना जोडतो तो प्रश्न.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने वस्तीतला एक प्रश्न घ्यावा, उदाहरणार्थ पाण्याचा. त्याचे गणित काय, कायदा काय, इतिहास काय आणि आरोग्यावर परिणाम काय, हे चार बाजूंनी तपासावे व घरच्यांना सोप्या मराठीत सांगावे. असे शिकलेला मुलगा उद्या कोणत्याही टेबलावर बसो, त्याच्यासमोरची मावशी न समजता परत जाणार नाही.