अडकलेला इम्पेलर काढताना : शेंद्र्याच्या पोरांना चार कानमंत्र

पोरांनो, पावसाळा सरतो, दसरा होतो, रब्बीला पाणी द्यायची वेळ येते आणि शेंद्रा, कुंभेफळ, करमाड पट्ट्यातल्या विहिरींवर एकच तक्रार सुरू होते : बटण दाबलं की मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही. चार महिने पंप बंद असतो. केसिंगमध्ये थोडं पाणी राहतं, वरून हवा लागते आणि आतलं बीड गंज धरतं. मग घाईघाईत हातोडा निघतो. माझं सांगणं त्या हातोड्याआधीचं आहे.

तुमच्यातले बरेच जण एमआयडीसीत कामाला जातात. २००१ मध्ये इथं स्कोडाचा कारखाना आला, पुढे ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहिली, हत्यारं धरायला पोरं शिकली, चांगलंच झालं. पण कंपनीत नवा भाग नव्या भागावर बसवायचा असतो. विहिरीवर वर्षानुवर्षं गंजलेला भाग न मोडता सोडवायचा असतो. ही विद्या वेगळी आहे, आणि तिचं सूत्र एकच : तेल, वेळ आणि सरळ ओढ. जोर सगळ्यात शेवटी.

आधी जीव सांभाळा. स्टार्टर बंद केला म्हणजे काम झालं असं समजू नका. आपल्याकडे शेतीची लाईट ठरल्या वेळेपुरती, कधी दिवसा तर कधी रात्री येते, म्हणून अनेकांनी स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. तुमची बोटं तेव्हा पंपात असतील तर? मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढा आणि आपल्याच खिशात ठेवा. दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

अडकलंय कुठं ते ओळखा. मोटारीच्या मागची जाळी काढून पंखा हाताने फिरवून बघा. अजिबात हलत नसेल, तर इम्पेलर केसिंगला किंवा वेअर रिंगला धरलाय, नाहीतर मध्ये खडा, काडी, दोरीचा तुकडा शिरलाय. केसिंग उघडून साफ केलं की बहुधा तेवढ्यावर भागतं, इम्पेलर काढायची गरजच पडत नाही. शाफ्ट मोकळा फिरतोय, पण ग्लँडजवळून किंवा सीलमधून पाणी गळतंय आणि त्यासाठी इम्पेलर उतरवायचाय, तर तो शाफ्टला चिकटलेला असतो. हे दुखणं वेगळं, उपायही वेगळा. आणि गुणगुणणारी मोटार पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका; वाईंडिंग जळतं आणि खर्च दुप्पट होतो.

खुणा करा. केसिंग खोलण्याआधी दोन्ही भागांवर पंचाने एकेक ठिपका मारा. मोबाईलवर फोटो काढा. चावी कशी बसलीय, वॉशर किती आणि कोणत्या बाजूला, सगळं फोटोत येऊ द्या.

नट कोणत्या बाजूला सुटतो ते आधी बघा. केसिंगवर फिरण्याचा बाण असतो. बहुतेक पंपांत आटे असे पाडलेले असतात की पंप चालताना नट घट्ट होत जावा. म्हणून पंप ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने नट फिरवला की तो सुटतो. तरी आट्यांची पहिली रेघ डोळ्यांनी बघितल्याशिवाय पान्याला ताकद लावू नका. नट सोडवताना इम्पेलरच्या पात्यात पेचकस अडकवून शाफ्ट धरायचा मोह होतो, तिथंच पातं तुटतं. धरायचं ते मोटारीच्या बाजूने, शाफ्टवर पट्टा किंवा कापड गुंडाळून.

रात्रभर तेल पाजा. गंज सोडवणारं तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर डिझेल चालेल. शाफ्ट आणि इम्पेलरची जिथं गाठ पडते तिथं, चावीच्या खाचेत, थोडं थोडं सोडा. दर थोड्या वेळाने हलक्या हातोडीने हबवर चहूबाजूंनी टकटक करा. ठोका मारायचा नाही, थरथर द्यायची. त्या थरथरीने तेल आत उतरतं. संध्याकाळी लावा, सकाळी काम करा. नंतर केसिंग स्वच्छ पुसा. विहिरीचं पाणी माणसं आणि जनावरं पितात.

पुलर हबला लावा, काठाला नाही. इम्पेलरच्या कडेला पुलरचे पाय अडकवून ओढलं की बिडाची कड पावासारखी तुटते. पाय जितके मध्याजवळ, हबमागे बसतील तितके बरे. काही इम्पेलरला हबवर पुलरसाठी आट्यांची भोकं दिलेली असतात. ती मातीने भरलेली असतात, म्हणून आधी साफ करून बघा. शाफ्टच्या टोकाचे आटे वाचवायला नट उलटा करून टोकाच्या बरोबरीने बसवा, किंवा मध्ये पितळेचा तुकडा ठेवा. पुलर पाव फेरा आवळा, थांबा, त्याच्या बोल्टच्या डोक्यावर एक ठोका द्या, पुन्हा पाव फेरा. तीन पाय सारखे ताणलेत ना, ते दर वेळी बघा.

उष्णता द्यायची तर समजून द्या. गनमेटल पोलादापेक्षा जास्त फुगतं, म्हणून त्याचा इम्पेलर गरम केला की शाफ्टवर सैल होतो. बीड मात्र पोलादापेक्षा थोडं कमी फुगतं. म्हणून बिडाचा हब झटपट, बाहेरून, सगळीकडून सारखा तापवायचा आणि उष्णता शाफ्टपर्यंत पोचायच्या आत पुलर आवळायचा. ज्योत रेंगाळली, शाफ्ट तापला, तर फायदा गेला. ज्योत लावण्याआधी सगळं तेल पुसून घ्या, नाहीतर भडका उडेल. हबमध्ये बंद पोकळी असेल आणि तिच्यात पाणी किंवा तेल कोंडलं असेल तर ते तापून स्फोट होऊ शकतो. अशा इम्पेलरला ज्योत लावायचीच नाही. प्लास्टिकच्या इम्पेलरला तर मुळीच नाही. आणि गरम केलं की मागचं सील गेलं असंच धरा, नवीन आणून ठेवा.

शाफ्टवर घण घालू नका. घाव शाफ्टच्या टोकावर बसतो, पण मार बेअरिंगला लागतो. गोळ्यांच्या खुणा रेसवर उमटतात आणि पंप दोन महिन्यांत खडखडू लागतो. शाफ्ट वाकला तर मोटारच खोलावी लागते. काहीच उपाय चालला नाही, तर इम्पेलर मोडा : चावीच्या बाजूने हबमध्ये ड्रिलने ओळीत भोकं पाडा आणि छिन्नीने फोडा. इम्पेलर नवा मिळतो, शाफ्ट आणि मोटार सांभाळायची.

हे फक्त विहिरीच्या पंपाचं नाही. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात जेट बोट प्रचारात आणली; १९७७ मध्ये एडमंड हिलरी अशाच बोटी घेऊन गंगेच्या मुखापासून हिमालयाच्या दिशेने निघाले होते. त्या बोटीला ढकलणारं जेट युनिट म्हणजेही शेवटी एक पंप. तिथंही इम्पेलर आणि भोवतीचं कडं यांत अंतर नाममात्र, तिथंही खडा किंवा दोरी अडकते, तिथंही शाफ्टला इम्पेलर चिकटतो. उपाय हेच : तेल, वेळ, सरळ ओढ.

बसवताना पुढच्या माणसाचा विचार करा. शाफ्ट पॉलिश पेपरने साफ करा, चावी घट्ट पण ठोकाठोकीशिवाय बसली पाहिजे. गंज धरू न देणाऱ्या ग्रीसचा पातळ हात शाफ्टवर फिरवा. हाताने फिरवून इम्पेलर कुठं घासत नाही ना ते बघा. फेज जोडताना बाणाच्या दिशेची खात्री करा, आधी पाणी भरा, मगच सुरू करा. कोरडा पंप चालवला की सील जळतं.

शेवटचं सांगणं मालकांना. पावसाळ्यात पंप विसरू नका. दर पंधरा दिवसांनी, पाणी भरून, पाच मिनिटं तरी चालवा. नाहीतर ड्रेन प्लग काढून केसिंग रिकामं करून ठेवा. फूट व्हॉल्व्हची जाळी वर्षातून एकदा बघा. ऑटो स्विच काढून टाका. एवढं केलंत तर इम्पेलर काढायला माणूस बोलवायची वेळ येणार नाही, आणि आली तरी इम्पेलर सुटेल.