गाजरगवताची अॅलर्जी : ओळख आणि उपाय

अंगाला खाज सुटून चट्टे उठले की घरातली माणसे म्हणतात, "रक्त बिघडले." शेजारीपाजारी म्हणतात, "लागट रोग दिसतो, जरा लांबच राहा." मग आजारी माणसाचा टॉवेल, अंथरूण आणि कधीकधी ताटही वेगळे होते. खरे कारण मात्र पुष्कळदा रिकाम्या प्लॉटवर, रेल्वेरुळाच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर उभे असते. ते म्हणजे गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु प्रत्येक घराला उपयोगी पडणारी माहिती सोप्या शब्दांत मांडावी, एवढाच आमचा हेतू आहे.

अॅलर्जी म्हणजे काय?

'अॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रथम वापरला. रोगजंतूंशी लढणारी आपल्या शरीरातील यंत्रणा कधीकधी एखाद्या साध्या वस्तूलाच शत्रू समजते. त्यातूनच कोणाला धुळीने शिंका येतात, कोणाच्या अंगावर विशिष्ट पदार्थ खाल्ल्याने पित्त उठते. एकाला जे बाधते ते दुसऱ्याला बाधेलच असे नाही.

गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे ते १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात अभ्यासकांच्या नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. पहिल्या स्पर्शातच त्रास होतो असे नाही. वारंवार संपर्क आल्यावर शरीर ते द्रव्य 'लक्षात ठेवते' आणि नंतर थोड्याशा संपर्कानेही खाज, लाली, पाणी सुटणे सुरू होते. हा त्रास बहुधा एकदोन दिवसांनी उमटतो, म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड माणसाला घालता येत नाही. वाळलेल्या गवताचे बारीक कण वाऱ्याने उडतात. त्यामुळे पापण्या, चेहरा, मान, कोपराचा आतला भाग या जागी त्रास अधिक दिसतो.

हा रोग संसर्गजन्य नाही

हे आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो. अशा रोग्याला शिवल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने ही अॅलर्जी कोणाला होत नाही. हा महारोगही नव्हे. चट्ट्यांपायी एखाद्या बाईला पंगतीतून उठवणे किंवा मुलीचे जमलेले लग्न मोडणे हे निव्वळ अज्ञान आहे.

उपाय कोणते?

१. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. पाठीवर पट्ट्या चिकटवून, साधारण ४८ तासांनी काढून, त्यानंतरही एकदोन दिवसांनी पाहून कारण शोधण्याची चाचणी असते.

२. औषधांच्या दुकानातून मनाने मलम आणू नये. अनेक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने तात्पुरता आराम पडतो, पण मनमानी वापराने कातडी पातळ होते. स्टेरॉइडच्या गोळ्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत.

३. बाहेरून आल्यावर हातपाय, तोंड साबणाने धुवावे आणि कपडे बदलावेत. धुतलेले कपडे गवताजवळ वाळत घालू नयेत.

४. काहींना त्याच कुळातील शेवंतीसारख्या फुलांनीही त्रास होतो; तिकडे लक्ष ठेवावे.

५. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास कोंडू लागला, तर अॅलर्जी कशाचीही असो, वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

गवत कोणी उपटायचे?

एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. म्हणून पावसानंतर जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वीच ते मुळासकट उपटावे. फुलोऱ्याआधीच्या गवताचे खतही करता येते. मोकळ्या जागी तरोट्याचे बी टाकल्यास तो गाजरगवताला वाढू देत नाही. ते खाणारे मेक्सिकन भुंगेही १९८० च्या दशकापासून आपल्याकडे सोडण्यात आले आहेत.

परंतु हे गवत प्रत्यक्ष उपटते कोण? खुरपणीला जाणारी मजूर बाई आणि रस्ता साफ करणारा कामगार, तेही बहुधा उघड्या हातांनी. मजुरी घरी येते आणि तिच्याबरोबर खाजही येते. या माणसांना हातमोजे मिळालेच पाहिजेत. ते मागणे म्हणजे नखरे नव्हेत, तो कामाचाच भाग आहे. आपल्या वस्तीतील श्रमदानातही हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकातोंडावर फडके असल्याशिवाय कोणालाही या गवतात उतरवू नये. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी लांब राहावे. त्यांच्या वाटचे काम इतरांनी करावे.

वाचक बंधुभगिनींनो, या अॅलर्जीवर दोरे-गंडे चालत नाहीत आणि देवीचा कोप हेही तिचे कारण नाही. कारण डोळ्यांना दिसणारे आहे, हातांनी दूर करता येणारे आहे. पुढच्या पावसाळ्यापूर्वी आपल्या वस्तीत हातमोज्यांचे पंचवीस जोड जरी आणून ठेवले, तरी पुष्कळांचा त्रास वाचेल.