वऱ्हाडी मजकुरावर 'चेंज ऑल' चालवू देऊ नका

बोलीतलं पुस्तक छापायला देणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट आधीच सांगते. आपण संगणकाला शिकवलेले शब्द आपल्याच संगणकात राहतात, फाईलसोबत जात नाहीत. अमरावतीत बसून मी वर्डच्या कस्टम डिक्शनरीत एकेक शब्द घातला होता: मले, तुले, काहून, पोट्टा, डोया, शाया, जवय. माझ्या पडद्यावर लाल रेघ उरली नव्हती. तीच फाईल अकोल्याच्या डीटीपीवाल्यानं उघडली आणि त्याच्याकडं पानंच्या पानं लाल झाली. इथपर्यंत कुणाचा दोष नाही. पुढं जे केलं गेलं, त्याचा आहे.

प्रूफ हातात आलं. सुरुवातीची पानं प्रमाण मराठीतली, ती ठीक होती. जात्यावरच्या ओव्या सुरू झाल्या आणि मी थबकले. दर्यापूरकडच्या एका आजींनी 'काया'शी 'डोया' जुळवला होता. प्रुफात 'काया' तसाच होता आणि 'डोया'चा 'डोळा' झाला होता. वाटलं, एखादी नजरचूक असेल. पान उलटलं, तिथंही डोळा. मग 'मले' शोधायला लागले. अख्ख्या प्रुफात एकदाही सापडलं नाही, सगळीकडं 'मला'. तेव्हा लक्षात आलं की हे कुणी वाचून केलेलंच नाही. स्पेलचेकची खिडकी उघडून 'चेंज ऑल' दाबत सुटलेल्या माणसाचं हे काम आहे. 'काया' वाचला तो केवळ देह या अर्थानं कोशात असल्यामुळे. आजींना काळा म्हणायचं होतं, हे यंत्राला कळायचं कारणच नव्हतं. माणसाला कळायला हवं होतं.

फोन केला तर ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, तुमच्या फाईलमंदी लय चुका होत्या. म्या साऱ्या सुदरून देल्या."

हे वाक्य अजून सलतं. 'देल्या' म्हणणारा मुलगा 'देल्या'ला चूक म्हणत होता. त्याला शाळेत तेच शिकवलं गेलं असेल, म्हणून त्याच्यावरचा राग ओसरला. मालकावरचा नाही. "शुद्धलेखन आम्ही पाहूनच देतो," असं त्यांनी अभिमानानं ऐकवलं आणि मजकूर मूळ रूपात आणण्याचे वेगळे पैसे लावले. आणि शुद्धलेखन कसलं? हस्तलिखित प्रस्तावना त्यांच्याकडंच टाईप झाली होती, तिच्यात 'आशिर्वाद' आणि 'उज्वल' बिनधास्त बसले होते. मी त्यांच्या संगणकावर प्रूफिंगमधली कस्टम डिक्शनरी उघडायला लावली. लग्नपत्रिकांच्या गर्दीत कुणीतरी हे दोन्ही शब्द 'ॲड टू डिक्शनरी' करून टाकले होते. त्या यंत्रावर 'आशिर्वाद' कायमचा शुद्ध आणि आजींचा 'डोया' अशुद्ध.

वऱ्हाडी ही चुकलेली मराठी नव्हे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला, त्यात तिची वेगळी नोंद आहे. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० सालची, ती या बोलीवर उभी आहे. अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी तिच्यात कविता लिहिली. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार नियम प्रमाण लेखनासाठी आहेत. आजीच्या तोंडची ओवी बदलायला ते कुणाला अधिकार देत नाहीत.

आता जे शिकले ते सांगते. ओव्या, म्हणी, संवाद यांना वेगळी स्टाईल द्या आणि त्या स्टाईलला 'डू नॉट चेक स्पेलिंग' लावा. लिबरऑफिसमध्ये त्या स्टाईलची भाषा 'नन' ठेवा. ही खूण फाईलच्या आत राहते, म्हणून दुसऱ्याच्या संगणकावरही टिकते. मात्र मजकूर साधा करून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की ती पुसली जाते, तेव्हा शेवटचं प्रूफ गावाकडच्या कानाच्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्याच.

कस्टम डिक्शनरी पाठवायचीच असेल तर वर्डची ती फाईल यूप्रूफ नावाच्या फोल्डरमध्ये असते. नोटपॅडमध्ये उघडलीत तर सेव्ह करताना एन्कोडिंग युनिकोडच ठेवा. एएनएसआय ठेवलं की सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होते. एक शब्द घातला म्हणजे त्याची सगळी रूपं आली, असंही समजू नका. 'पोट्टा' घातल्यानं 'पोट्ट्याले' चालत नाही. लिबरऑफिसमध्ये ६.० पासून नव्या शब्दाला ओळखीच्या शब्दाचं व्याकरण जोडता येतं. पण तो नमुना प्रमाण मराठीचा, आपला 'ले' त्यात नाही. रूपं हातानंच घालावी लागतात. तिथंच अपवादाची डिक्शनरीही करता येते. 'डोळा' तिच्यात टाकला की तो मजकुरात घुसताच लाल रेघ येते. मला सगळ्यांत उपयोगी ही पडली.

'वऱ्हाड' हाच शब्द तपासून बघा. त्यातला ऱ्ह कुणी ऱ या अक्षरानं टाईप करतं, तर कुणी साध्या र ला अदृश्य जोडखूण लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते दोन शब्द वाटतात. एक पद्धत ठरवा, तीच पाळा.

बाकी नेहमीचंच: मूळ प्रत जपून ठेवा, व्यवहार तोंडी करू नका. 'मजकुरात लेखी परवानगीशिवाय बदल नाही' हे वाक्य कामाच्या कागदावर लिहून सही घ्या. मालक तोंड वाकडं करील, करू द्या.

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे, अमरावतीचं विद्यापीठ १९८३पासून आहे. दोघांच्या मराठी विभागांना कळकळीची विनंती आहे: वऱ्हाडीची रूपांसकट शब्दयादी करा, ती स्पेलचेकच्या फाईलच्या रूपात सगळ्यांसाठी खुली ठेवा, आणि अकोला-अमरावतीच्या प्रत्येक छापखान्यापर्यंत पोचवा. माझी यादी मी द्यायला तयार आहे.